वेदी आणि मतपेटी



विवाहाविषयी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. एक पुरुष व एक स्त्री, आजन्म निष्ठा आणि नव्या जिवाचे स्वागत, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो, विवाहपूर्व शिबिरात पुन्हा ऐकले आणि आपल्यापैकी अनेकांनी वेदीसमोर त्याला होकार दिला. या लेखाचा विषय ती शिकवण नाही. प्रश्न तिच्या पुढचा आहे आणि तो जास्त अवघड आहे. जे आपण श्रद्धेने सत्य मानतो, ते न मानणाऱ्या शेजाऱ्यावर कायद्याने लागू व्हावे म्हणून ख्रिस्तसभेने आपले वजन, आपला पैसा आणि आपली माणसे कामाला लावावीत का?

असा प्रश्न नुसत्या तत्त्वांवर बोलून सुटत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष घडलेले एक उदाहरण समोर हवे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २००८ साली जे घडले ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्यात आपली कॅथलिक ख्रिस्तसभाही होती, म्हणून ते आपल्यासाठी परक्या घरचे भांडण नाही.

कॅलिफोर्नियात काय घडले?

१५ मे २००८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की समलिंगी जोडप्यांना विवाहाचा कायदेशीर हक्क नाकारता येणार नाही. जूनमध्ये असे विवाह सुरू झाले. त्याच वेळी विरोधकांनी राज्यघटनेतच दुरुस्ती करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला. 'प्रपोझिशन ८' या नावाने तो ओळखला जातो. इंग्रजीतील अवघ्या १४ शब्दांची ती दुरुस्ती होती. पुरुष आणि स्त्री यांच्यातील विवाहालाच राज्य मान्यता देईल, एवढाच तिचा आशय.

सॅन फ्रान्सिस्कोचे तेव्हाचे आर्चबिशप जॉर्ज नीडराउअर यापूर्वी अनेक वर्षे युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीचे बिशप होते. सॉल्ट लेक सिटी हे मॉर्मन मंडळीचे मुख्य ठाणे. जुन्या ओळखीच्या आधारे आर्चबिशपांनी जून २००८ मध्ये मॉर्मन नेत्यांना पत्र लिहून या मोहिमेत सहकार्य मागितले. २९ जूनच्या रविवारी कॅलिफोर्नियातील मॉर्मन मंडळ्यांमध्ये त्यांच्या सर्वोच्च नेत्यांचे पत्र वाचून दाखवण्यात आले. दुरुस्ती मंजूर व्हावी म्हणून सभासदांनी आपला वेळ आणि पैसा द्यावा, असे त्यात आवाहन होते.

त्याचा परिणाम प्रचंड झाला. राज्याच्या लोकसंख्येत मॉर्मन लोक सुमारे दोन टक्के. पण दुरुस्तीच्या बाजूने जमलेल्या सुमारे ४ कोटी डॉलरपैकी निम्म्यापर्यंत रक्कम त्यांच्याकडून आली असावी, असा अंदाज त्या वेळी वर्तवण्यात आला. दारोदार फिरणाऱ्या स्वयंसेवकांतही त्यांचा वाटा फार मोठा होता. कॅथलिक पुरुषांची 'नाइट्स ऑफ कोलंबस' ही संघटना १० लाखांहून अधिक डॉलर घेऊन उतरली. दोन्ही बाजूंचा खर्च मिळून ८ कोटी डॉलरच्या वर गेला. ४ नोव्हेंबर २००८ रोजी ५२ टक्क्यांच्या थोड्या अधिक मतांनी दुरुस्ती मंजूर झाली. मधल्या साडेचार महिन्यांत सुमारे १८ हजार जोडप्यांनी विवाह केले होते. ते विवाह वैध राहतील, पण पुढे कोणाला करता येणार नाहीत, असे न्यायालयाने मे २००९ मध्ये ठरवले.

विजय मात्र टिकला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये संघीय न्यायाधीशांनी दुरुस्ती रद्द ठरवली. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील करणाऱ्यांना तसा अधिकारच नाही असे सांगितले आणि कॅलिफोर्नियात विवाह पुन्हा सुरू झाले. २६ जून २०१५ च्या निकालाने ते सर्व अमेरिकेत लागू झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ती १४ शब्दांची दुरुस्ती मोठ्या बहुमताने राज्यघटनेतून काढून टाकली.

पण हरलो म्हणून ती मोहीम चुकीची, असे म्हणणे बरोबर नाही. पुष्कळ न्याय्य लढे हरले आहेत. मोहीम बरोबर होती की चूक, हे तिच्या निकालाशिवायच तपासले पाहिजे.

ख्रिस्तसभेने राजकारणात पडूच नये का?

काहीजण लगेच म्हणतील, धर्माने राजकारणात लुडबूड करू नये, विषय संपला. हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धचा लढा मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्या पाळकांनी चर्चमधूनच उभा केला. आपल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई' चळवळीचे नेतृत्व केले, ते पाणी, शेती आणि बागायत वाचवण्यासाठी. तेव्हा 'फादर, तुम्ही मिस्सा करा आणि गप्प बसा' असे सांगणारे होतेच. ते चुकीचे होते, असे आज बहुतेक वसईकर मान्य करतील.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ साली आपल्या पहिल्या परिपत्रकात हा तोल नीट सांगितला आहे. न्याय्य समाज घडवण्याची राजकीय लढाई ख्रिस्तसभेने स्वतःच्या हाती घेऊ नये आणि राज्याची जागा घेऊ नये, असे ते म्हणतात. पण न्यायाच्या झगड्यात तिने कडेलाही बसू नये. तर्काने पटवून आणि मने जागी करून तिने त्यात भाग घ्यावा. त्यापूर्वी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही शिकवले होते की राज्यसंस्था आणि ख्रिस्तसभा आपापल्या क्षेत्रात स्वायत्त आहेत.

तेव्हा ख्रिस्तसभेने राजकारणाला स्पर्श करावा की नाही, एवढ्यावर हा वाद मिटत नाही. कोणता स्पर्श योग्य आणि कोणता अयोग्य, हे ओळखायला कसोट्या लागतात. मला तीन सुचतात.

पहिली कसोटी : किंमत कोण मोजते?

हरित वसईच्या लढ्यात धर्मगुरू बलवानांसमोर उभे राहिले. धोका त्यांनी स्वतः पत्करला आणि पाणी वाचले ते हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सर्वांचे. किंग यांच्या लढ्यातही मार खाल्ला तो लढणाऱ्यांनीच. कॅलिफोर्नियात उलटे होते. मोहीम चालवणाऱ्यांच्या स्वतःच्या विवाहाला काही गमवावे लागणार नव्हते. सगळी किंमत मोजायची होती ती संख्येने लहान अशा एका गटाने, आणि त्यातील अनेकजण त्या मंडळींचे सभासदही नव्हते. दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे ठेवणाऱ्या आणि स्वतः बोटही न लावणाऱ्या धर्मपंडितांविषयी प्रभू येशू काय म्हणाला, ते आपण शुभवर्तमानात वाचतो.

दुसरी कसोटी : नियम सर्वांना सारखा आहे का?

दुरुस्तीचे समर्थक म्हणत की आम्ही श्रद्धा लादत नाही. विवाह मुलांच्या संगोपनाशी जोडलेला आहे, म्हणून समाजाच्या हितासाठी त्याची व्याख्या जपली पाहिजे. हा युक्तिवाद आहे, शिवी नव्हे. तो मांडण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि त्याला उत्तर युक्तिवादानेच दिले पाहिजे.

उत्तर असे. याच कॅलिफोर्नियाने १९६९ साली, कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा केला. अमेरिकेत असा तो पहिलाच. घटस्फोटाविषयी प्रभू येशू स्वतः स्पष्ट शब्दांत बोलला आहे. मुलांवर त्याचा परिणाम होतो, हेही कोणी नाकारत नाही. मग विवाह आणि मुले वाचवणे हाच हेतू होता, तर तो घटस्फोट राज्यघटनेतून बंद करण्यासाठी ४ कोटी डॉलरची मोहीम का निघाली नाही? कारण उघड आहे. ती किंमत आपल्याच बाकांवर बसलेल्या कुटुंबांना मोजावी लागली असती. जो नियम आपण स्वतःच्या माणसांवर कायद्याने लादत नाही, तो केवळ परक्यांवर लादायचा असेल, तर त्याला तत्त्व कसे म्हणावे?

तिसरी कसोटी : साधने कोणती?

मोहिमेच्या जाहिरातींचा भर भीतीवर होता. शाळांत लहान मुलांना समलिंगी विवाह शिकवतील, ही भीती पुनःपुन्हा दाखवली गेली. राज्याचे शिक्षणप्रमुख जॅक ओ'कॉनेल यांनी तिचा जाहीर इन्कार केला. चर्चना मनाविरुद्ध असे विवाह लावावे लागतील, असेही अनेकांच्या मनात भरले. पण मे २००८ च्या निकालपत्रातच न्यायालयाने लिहून ठेवले होते की कोणत्याही धर्मगुरूला आपल्या श्रद्धेविरुद्ध विवाह लावण्याची सक्ती होणार नाही. सत्याच्या सेवकांनी हे वाक्य आपणहून लोकांना सांगायला हवे होते.

पैशाच्या हिशोबातही ढिलाई झाली. काही खर्चाची माहिती वेळेत न दिल्याबद्दल कॅलिफोर्नियाच्या निवडणूक-खर्च आयोगाने २०१० मध्ये मॉर्मन मंडळीला सुमारे साडेपाच हजार डॉलर दंड केला. रक्कम किरकोळ आहे. पण नीतिमत्तेसाठी लढणाऱ्याने हिशोब इतरांपेक्षा चोख ठेवावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

आणि सदसद्विवेकबुद्धीचे काय? फ्रेस्नो येथील एका कॅथलिक धर्मगुरूंनी ऑक्टोबर २००८ मध्ये प्रवचनातच या दुरुस्तीला विरोध केला आणि आपण समलिंगी असल्याचेही सांगितले. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. बिशपांच्या अधिकाराबद्दल वाद नाही. पण ज्या वेदीवरून मत कसे द्यावे हे सांगता येते, तिथे दुसरे मत सांगणाऱ्याला जागा उरत नाही, हा त्यातला धडा आहे. ऐहिक प्रश्नांवर प्रामाणिक ख्रिस्ती लोकांची मते भिन्न असू शकतात, अशा वेळी कोणीही ख्रिस्तसभेचा अधिकार केवळ आपल्या मतासाठी वापरू नये, हे व्हॅटिकन महासभेचे सांगणे इथे आठवते.

बिशपांची बाजू

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जून २००३ मध्ये रोमच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीने एक पत्रक काढले. समलिंगी संबंधांना कायदेशीर मान्यता देण्यास कॅथलिकांनी, विशेषतः कॅथलिक लोकप्रतिनिधींनी, विरोध करावा असे त्यात म्हटले आहे. कॅलिफोर्नियाचे बिशप मनमानी करत होते, असे म्हणता येणार नाही. मात्र विरोध कोणत्या मार्गाने करावा, हे त्या पत्रकाने ठरवून दिलेले नव्हते. एखाद्या आमदाराने आपल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देणे वेगळे आणि एका ख्रिस्तसभेने दुसऱ्या मंडळीच्या तिजोरीला साद घालून जाहिरातयुद्ध उभे करणे वेगळे.

निकालानंतर दुसऱ्या बाजूनेही अतिरेक झाला. मॉर्मन मंदिरांसमोर निदर्शने झाली, काही ठिकाणी नासधूस झाली. पांढरी पूड भरलेली पाकिटे सॉल्ट लेक सिटी आणि लॉस एंजेलिसच्या मंदिरांत आली. ती निरुपद्रवी निघाली, पण पसरलेले भय खरे होते. देणगी दिली म्हणून काहींना नोकरीला मुकावे लागले. हेही चूकच. आपल्या शत्रूवर आकाशातून अग्नी पाडावा असे याकोब आणि योहान यांना वाटले तेव्हा प्रभूने त्यांनाच धमकावले. तो धडा दोन्ही बाजूंना लागू आहे.

बहुमताची तलवार

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. 'लोकांनी मत दिले, बहुमत आमच्या बाजूने होते' असे म्हणणाऱ्याने इतिहास आठवावा.

मॉर्मन मंडळीत पूर्वी बहुपत्नीत्व होते. उरलेल्या ख्रिस्ती अमेरिकेला ते अनीतीचे वाटले. १८६२ पासून त्याविरुद्ध कायदे झाले, शेकडो पुरुष तुरुंगात गेले आणि १८८७ च्या कायद्याने मंडळीची मालमत्ताही जप्त करण्याची तरतूद झाली. १८९० साली त्यांच्या अध्यक्षांनी ती प्रथा थांबवण्याची घोषणा केली. त्या प्रथेचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण बहुसंख्यांची विवाहव्याख्या सरकारी बळाने अंगावर येते तेव्हा काय होते, हे ज्यांच्या पणजोबांनी सोसले, त्यांनीच पुढे तेच हत्यार उचलले.

कॅथलिकांचाही असाच अनुभव आहे. नोव्हेंबर १९२२ मध्ये ऑरेगन राज्याच्या मतदारांनी थेट मतदानाने एक कायदा केला. मुलांना सरकारी शाळेतच पाठवण्याची सक्ती त्यात होती. रोख होता कॅथलिक शाळांवर. बहुमत तेव्हाही होते. भगिनींच्या एका संस्थेने न्यायालयात धाव घेतली आणि १९२५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कॅथलिक शाळा वाचल्या त्या मतपेटीमुळे नव्हे, तर मतपेटीलाही मर्यादा असते असे मानणाऱ्या न्यायव्यवस्थेमुळे.

आणि आपण? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती २.३ टक्के आहेत. १९६७ मध्ये ओडिशाने आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मांतरावर बंधने घालणारे कायदे केले. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी लागू झाली. बहुसंख्यांच्या श्रद्धेला जे पवित्र, ते कायद्याने सर्वांच्या ताटापर्यंत पोचले. तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी विचारले, 'तुमची श्रद्धा तुम्ही जरूर पाळा, पण आमच्या घरात कायदा कशाला?' प्रश्न रास्त होता. पण तो रास्त असेल, तर आपण बहुसंख्य असू तिथे आपल्यालाही तो ऐकून घ्यावा लागेल. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा प्रभूचा नियम केवळ अल्पसंख्य असताना वापरायचा नसतो.

वेदीचे रक्षण कायदा करत नाही

'पण मग विवाहसंस्काराचे काय होईल?' ही काळजी प्रामाणिक आहे. आपलाच अनुभव पाहू. भारतीय ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या कायद्यात २००१ साली दुरुस्ती होऊन परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची सोय झाली. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की चर्चच्या न्यायमंडळाने दिलेला निर्णय दिवाणी घटस्फोटाची जागा घेऊ शकत नाही. म्हणजे कायद्याचा विवाह आणि वेदीवरचा विवाह हे आपल्याकडे वेगवेगळ्या नियमांनी चालतात. त्यामुळे आपला संस्कार संपला का? नाही. विवाहसंस्कार तगतो तो जोडप्यांच्या निष्ठेवर. सरकारी नोंदवहीत कोणाचे नाव आहे याने तो मजबूतही होत नाही आणि दुबळाही होत नाही.

मॉर्मन मंडळीनेही पुढे वेगळी वाट धरली. मार्च २०१५ मध्ये युटा राज्यात नोकरी आणि घर यांबाबत समलिंगी व्यक्तींना संरक्षण देणारा आणि धर्मस्वातंत्र्यही जपणारा कायदा तिच्या पाठिंब्याने झाला. २०२२ मध्ये समलिंगी विवाहांना संघीय संरक्षण देणाऱ्या कायद्याला, त्यात धर्मसंस्थांची मुभा राखली गेल्यामुळे, तिने पाठिंबा दिला. विवाहाविषयीची आपली शिकवण तिने बदललेली नाही. शिकवण राखून शेजाऱ्याला जागा देता येते, हे यावरून दिसते. आयर्लंडमध्ये मे २०१५ च्या सार्वमतापूर्वी डब्लिनचे आर्चबिशप डायर्मिड मार्टिन यांनी आपला विरोध शांतपणे सांगितला, पण आपली धर्ममते इतरांच्या गळी उतरवायची नाहीत हेही सांगितले. ६२ टक्के लोकांनी विवाहाच्या बाजूने मत दिले. तेव्हा तरुणांपासून आपण किती दूर गेलो आहोत हे ख्रिस्तसभेने पाहावे, असे ते म्हणाले. अशा माणसाचे म्हणणे हरल्यावरही ऐकले जाते.

आपल्यापुढचा प्रश्न

भारतात २०१८ साली समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्याआधी डिसेंबर २०१३ मध्ये, न्यायालयाने उलट निकाल दिला असताना, मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी सांगितले होते की ख्रिस्तसभा समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय संसदेचा असल्याचे म्हटले. म्हणजे हा वाद कधीतरी आपल्या दारातही येऊ शकतो. त्या दिवशी आपल्या वेदीवरून काय ऐकू यावे, याचा विचार आजच केलेला बरा.

कारण हा वाद दूरच्या माणसांविषयी नाही. आपल्या धर्मग्रामातही एखादा मुलगा, एखादी मुलगी आपले मन कोणालाच न सांगता मिस्सेला येत असेल. गायनमंडळात गात असेल, सणाला मंडप बांधत असेल. अशा व्यक्तींना आदराने, कनवाळूपणे आणि हळुवारपणे स्वीकारावे आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभावाची खूणही टाळावी, असे आपला धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. कॅलिफोर्नियात त्या रविवारी पत्र वाचले गेले तेव्हा अशी मुले बाकांवर बसलेली होती. आपले आईवडील, आपले शेजारी आपल्याविरुद्ध पैसे गोळा करत आहेत, एवढेच त्यांनी ऐकले असेल. प्रभूच्या प्रेमाचे शंभर पाठ त्यानंतर त्यांना कसे ऐकू येणार?

शेतात गव्हाबरोबर निदण उगवले तेव्हा नोकर ते उपटायला निघाले होते. मालकाने त्यांना थांबवले, कारण निदणाबरोबर गहूही उपटला गेला असता. कापणीचा दिवस त्याने स्वतःकडे ठेवला. आपल्या वाट्याला शेत राखण्याचे काम आले आहे. या आठवड्यात घरी रोजरीनंतर मुलांसोबत बसून आपण एकमेकांना विचारू या: आपल्या घरातल्या कोणाला आपल्याशी खरे बोलायची भीती वाटत असेल, तर ती दूर करण्यासाठी आपण काय केले आहे?